बर्फातल्या राजाची घोंगडी

आधीच हात जोडते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती, आमची मेंढरं ओढ्याअलीकडं, म्हणून मी अलीकडंच राहिले. शिवाय लोकरीला एक चिकट तेल असतं. ते जन्मभर बोटांत मुरलेलं आहे, त्यामुळं पेन धरलं की घसरतं. वसमतच्या सुजाता मॅडम म्हणाल्या होत्या की दिवाळी अंकवाले कामाच्या आठवणी मागतात, तुम्ही लिहा, मी शुद्धलेखन बघते. मी मान हलवली आणि घरी आले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, मग चार हजार माणसांत कसा निघेल? पण लिहायला मात्र बसले. हे माझ्यापुरतंच आहे.

मी घोंगड्या करते. आमची वस्ती शिरड शहापूरपासून आत आहे, सगळी धनगरांची घरं. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. एकट्यानं कातरणी होत नाही. एकानं मेंढीचे पाय धरायचे, दुसऱ्यानं कातर चालवायची, तिसऱ्यानं लोकर गोळा करायची. म्हणून आज तुझ्या मेंढरांना सगळी वस्ती, उद्या माझ्या. मजुरी कुणी घेत नाही. त्या दिवशीचं जेवण, एवढंच. मग लोकर धुवायची, पिंजायची, टकळीवर कातायची. सुताला चिंचोक्याची खळ लावून वाळवायचं आणि मागावर चढवायचं. आमचा माग खड्ड्यातला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो.

मी जन्मभर कातलं आणि आमच्या मालकांनी विणलं. बाईनं मागावर बसू नये असं आमच्यात म्हणत. मग मालकांचे गुडघे धरले. त्यांना खड्ड्यात उतरता येईना, उतरले तर वर येता येईना. एक दिवस त्यांना दोघा माणसांनी बकेटीसारखं वर काढलं. त्यानंतर मीच खड्ड्यात उतरले. ते काठावर बसून हुकूम सोडतात, "हळू ठोक, कोणाचं डोस्कं हाय का ते?"

गिऱ्हाइकं नाना परीची. एका एसटी कंडक्टरला घोंगडीवर बसचं चित्र पाहिजे होतं. काळ्या लोकरीत लाल बस कुठून आणू? नांदेडच्या एक बाई घोंगडी घेऊन गेल्या आणि परत आल्या, म्हणाल्या हिला वास येतो. मालक म्हणाले, "ताई, मेंढीची हाय, मोगऱ्याची न्हाई." त्या हसल्या आणि तीच घोंगडी परत घेऊन गेल्या.

पण मला सगळ्यात आवडतं ते कातणं. टकळी फिरायला लागली की हात आपोआप चालतात आणि मन सुटतं. समोर माळ असतो, दुपारचं ऊन पाण्यासारखं हलत असतं, बोटांतून धागा निघत असतो, आणि मी कुठं कुठं जाऊन येते. कुणी विचारलं, "गयाबाई, काय विचार करून राहिलीस?" तर सांगता येत नाही. गेलं वर्षभर मी एका किल्ल्यावर जाऊन येते आहे. तो किल्ला इटली देशात आहे. तिथं बर्फ पडतो.

ते कसं झालं ते सांगते. पण आधी माझ्या अक्काचं सांगायला पाहिजे.

धुरपता अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच वस्तीत दिल्या. दाजी वारल्यावर अक्कानं मेंढरंही सांभाळली आणि एकुलती पोरगी मनीषाही शिकवली. मनीषा नांदेडला दवाखान्यात नर्स झाली आणि तिथल्याच एका परजातीच्या पोराशी तिनं लग्न केलं. पंच बसले. आमच्यात पंच घोंगडीवर बसतात. ती घोंगडी अंथरली की तिच्यावर चप्पल घालून कुणी पाय देत नाही, तिच्यावर बसून कुणी खोटं बोलत नाही. पंचांचे कारभारी म्हणजे आमच्या मालकांचे चुलते, मी त्यांना मामा म्हणते. ते अक्काला म्हणाले, "पोरगी मेली म्हण, आंघोळ कर, आन् बस हितं."

अक्का म्हणाली, "काल तिचा फोन आलता. मेलेलं माणूस जेवलीस का म्हून इचारतं का?"

लोक हसले, आणि हसल्यामुळंच कारभाऱ्यांना जास्त राग आला. त्यांनी अक्काला घोंगडीवरून उठवलं. आमच्यात 'घोंगडीवरून उठवलं' म्हणजे वाळीत टाकलं. तिच्या घरचं पाणी नाही, तिला हळदीकुंकू नाही, सोयरसुतक नाही. आणि ज्याचा मी विचारही केला नव्हता ते म्हणजे, तिच्या मेंढरांच्या कातरणीला कुणी नाही. उन्हाळा आला. सगळ्यांची मेंढरं हलकी होऊन चरत होती आणि अक्काची मेंढरं अंगावर वर्षाची लोकर घेऊन बाभळीखाली धापा टाकत होती. मी लांबून बघत होते. मलाही भीती होती. वस्तीनं मला उठवलं तर घोंगडी कुणाला विकू आणि लोकर कुणाची आणू?

अशात कारभारी एक दिवस आमच्या घरी आले. पंचांची जुनी घोंगडी कसरीच्या किड्यांनी खाल्ली होती, जत्रेच्या आधी नवी पाहिजे होती. त्यांनी बयाणा हातावर ठेवला. चांगला दणदणीत. तो मालकांच्या गुडघ्याच्या औषधात चार दिवसांत गेला.

आणि त्याच आठवड्यात सुजाता मॅडम आल्या.

त्या वसमतच्या एका शाळेत इतिहास शिकवतात. बौद्ध घरातल्या. साडीवर वाटभर धूळ, हातात पाण्याची बाटली. म्हणाल्या, "मावशी, शाळेच्या गॅदरिंगला नाटक आहे. एका राजाला घोंगडी पाहिजे आणि एका पोपला पांढऱ्या लोकरीची पट्टी, गळ्यात घालायची."

मालक म्हणाले, "पोप म्हंजी?"

मॅडम ओट्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या. पोप म्हणजे रोममध्ये राहणारा, ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात मोठा धर्मगुरू. त्याच्या हाताखाली बिशप, एकेका मुलखाचे धर्मगुरू. हजार वर्षं होत आली त्या गोष्टीला. त्या काळी बिशप नुसता देवाचा माणूस नव्हता, त्याच्याकडं जमीन असायची, शिपाई असायचे. त्याला नेमताना त्याच्या हातात एक अंगठी आणि एक काठी द्यायची रीत होती. भांडण तेवढंच होतं, की ती काठी द्यायची कुणी? जर्मनीचा राजा म्हणे मी देणार, जमीन माझी आहे. पोप म्हणे मी देणार, देवाचं काम माझं आहे.

"काठी कसली?" मालकांनी विचारलं.

मॅडमनी मोबाईलमध्ये चित्र दाखवलं. वर वाकलेली लांब काठी. मालक म्हणाले, "हायला, ही तर आमची आकडी! मेंढरं वळायची."

"तीच," मॅडम म्हणाल्या. "लोकं म्हणजे मेंढरं आणि बिशप म्हणजे मेंढका, असं त्यांचं म्हणणं."

"आन् मेंढराला कुणी इचारलं का, आकडी कुणाच्या हातात द्यायची ती?"

मॅडम खूप हसल्या. मग म्हणाल्या, राजानं पोपला पत्र लिहिलं की गादीवरून उतर. पोपनं उलट राजालाच धर्मातून बाहेर काढलं. प्रजेला सांगितलं, याला दिलेली शपथ आता सुटली. बघता बघता राजाचे सरदार सरकले. वर्षाच्या आत हा बहिष्कार उठवून घे, नाहीतर सिंहासन सोड, म्हणाले.

मी तोवर पदर दातात धरून, टकळी फिरवत आतल्या दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी राजाला घोंगडीवरून उठवलं."

मॅडमनी वळून बघितलं. "व्हय मावशी. बराबर तेच." मग म्हणाल्या, "बहिष्कार काय असतो ते आमच्या घरात कुणी शिकवायला नको. माझ्या आज्ज्याला गावच्या आडावर चढू देत नव्हते. पण तोच बहिष्कार एका राजावर पडला की त्याचं काय होतं, ते पोरांनी बघावं म्हणून हे नाटक."

पुढची गोष्ट ऐकताना माझी टकळी थांबली. राजा भर हिवाळ्यात निघाला, बायको आणि लहान लेकरू घेऊन. मोठे मोठे डोंगर, सगळे बर्फाचे. उतारावर पाय ठरेना तेव्हा राणीला आणि तिच्या बायांना बैलाच्या कातड्यावर बसवून घसरत खाली सोडलं. पोप एका किल्ल्यात उतरला होता. तो किल्ला एका बाईचा होता, ती बाई त्या मुलखाची धनीण. राजा दारात अनवाणी उभा राहिला, उपाशी, तीन दिवस, अंगावर फक्त जाडी लोकर. आत पोप, बाहेर राजा. आणि मधे ती किल्ल्याची बाई, ती पोपला म्हणत होती की आता दार उघडा.

त्या दिवसापासून मी कातायला बसले की त्या किल्ल्यावर जाते. मला बर्फ ठाऊक नाही, म्हणून माझ्या मनातला बर्फ लोकरीसारखा पडतो, पिंजलेल्या पांढऱ्या लोकरीसारखा, आवाज न करता. राजा दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. ती बाई जिन्यावरून वर जाते, खाली येते. वर गेली की म्हणते, आता बास. खाली आली की दाराच्या फटीतून नुसती बघते. मला तिचं नाव मॅडमनी सांगितलं होतं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. पण तिचं ते वरखाली करणं मला दिसतं. आणि मनात येतं, राजाच्या अंगावरची ती लोकर कुणी कातली असेल? त्या कातणारीच्या गावात कातरणीला कोण कोण येत असेल?

राजाची घोंगडी मी जीव ओतून केली. कोकराची पहिली कातरणी, तिला आम्ही जावळ म्हणतो. त्या लोकरीसारखी मऊ लोकर दुसरी नाही. घरात साठवलेलं सगळं जावळ मी त्या घोंगडीत घातलं. मॅडम न्यायला आल्या, हात फिरवला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, ही तर रेशमासारखी झाली! राजाला शिक्षा होती ती. अंगाला टोचायला पाहिजे."

"शिक्षा?" मला काही कळेना. "घोंगडी दिली म्हंजी मान दिला ना? थंडीत उभा हाय, म्हून पोपनं घोंगडी दिली असंल, असं मला वाटलं."

"अहो, त्यांच्याकडं राजानं रेशीम, मखमल घालायची. लोकर गरिबांची. सगळं उतरवून लोकर घातली म्हणजे मी लहान झालो, असा अर्थ."

मालक काठावरून म्हणाले, "मंग आमी जलमभर शिक्षाच भोगून राहिलो म्हना की."

मॅडमनी ती घोंगडी ठेवून घेतली. म्हणाल्या, असू द्या, आपल्या राजाला मानाचीच असू द्या. आता पट्टी राहिली. पोप मोठ्या बिशपांना पांढऱ्या लोकरीची पट्टी देतो, आजही. त्यासाठी पांढरी कोकरं पाहिजेत. आणि आमच्याकडची मेंढी काळी. आख्ख्या वस्तीत पांढरी मेंढरं होती ती एकाच घरी.

मॅडमना मी सांगितलं की पांढरी लोकर मिळणार नाही. त्यांनी विचारलं काहून? मग मालकांनीच सगळं सांगितलं. मॅडम ताठ झाल्या, म्हणाल्या, "वाळीत टाकणं गुन्हा आहे आता. कायदा आहे. मी येते तुमच्यासोबत पोलीस स्टेशनला."

त्या अक्काच्या घरी स्वतः जाऊन आल्या. अक्का त्यांना म्हणाली, "मॅडम, पोलीस आनला तर हे लोक भिऊन मला घोंगडीवर बसवतील. पर माझ्या शेजारी कुणी बसंल का?"

मॅडम गेल्या. मी तो दिवस, दुसरा दिवस टकळी फिरवत राहिले. किल्ल्यावर गेले. ती बाई जिन्यात उभी होती. वर जाईना, खाली येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कातर उचलली, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात वस्तीच्या मधून अक्काच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. ओट्यावरची माणसं बघत होती.

अक्का दारात. "काय गं गये? वाट चुकलीस का?"

"पांढरी लोकर पाहिजे होती."

"आस्सं. लोकरीसाठी आलीस व्हय. मला वाटलं बहिणीसाठी."

मी जवळची मेंढी ओढली आणि तिचे पाय धरून बसले. एकटीनं कातर चालेना, मेंढी लाथा झाडायला लागली, माझा पदर फाटला. अक्का उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "सोड, सोड, मारशील तिला. तुला लहानपणापासून येत न्हाई. मी धरते, तू कातर." मग आम्ही दोघींनी पांढऱ्या कातरल्या, नंतर काळ्या कातरल्या, संध्याकाळपर्यंत कातरल्या. कातरलेली मेंढी उठून अंग झाडायची आणि पहिली उडी मारायची ती उंच, जणू तिला वाटत होतं आपण उडू. अक्का रडत होती का घाम पुसत होती, मी बघितलं नाही. तिनं भाकरी वाढली, मी जेवले. तिच्या घरचं पाणी प्याले.

जाताना तिनं पांढरी लोकर दिली आणि काळीही बांधून दिली. म्हणाली, "मी कुठं ठेवू एवढी? तूच वापर." ती लोकर इतकी लांब आणि दाट होती, वर्षभर वाढलेली. मी ती पंचांच्या घोंगडीत घातली. मुद्दाम नाही. चांगल्या कामाला चांगली लोकर, एवढंच डोक्यात होतं.

घोंगडी मागावर अर्ध्याच्या पुढं आली होती तेव्हा कारभारी आले. मी खड्ड्यात होते. ते वरून माझ्याकडं बघत होते.

"गया, तू तिच्या वाड्यावर गेलतीस म्हनं."

"व्हय मामा."

"जेवलीस?"

"व्हय."

"बाईमाणूस हाईस, बहिणीची माया असती. एकदा माफ करतो." मग घोंगडीवर हात ठेवून म्हणाले, "पर पंच बसायची घोंगडी हाय ही. हिच्यात तिच्या मेंढराचा एक धागा बी नको. शपथ घे."

मालक म्हणाले, "काका, लोकरीला काय जात असती का?"

"किसन, तू गप. तुझ्या गुडघ्याला माझा पैसा लागलाय."

मी खड्ड्यात बसून धाग्यांकडं बघत होते. कुठला अक्काचा आणि कुठला दुसऱ्याचा, मलाही सांगता आलं नसतं. उसवायचं म्हटलं तर सगळंच उसवायला पाहिजे. शपथ घेतली तर ती खोटी, आणि तीही घोंगडीवर हात ठेवून.

"मामा," मी म्हणाले, "हिच्यातला आडवा बाणा अक्काच्या लोकरीचा हाय. मी बयाणा परत देते."

"कुठून देशील?"

"देते."

"दिला न्हाई तवर ही घोंगडी माझी. आन् माझ्या घोंगडीवर धुरपता बसायची न्हाई. ध्यानात ठेव." काठी आपटत ते गेले. वस्तीतल्या एकानंही त्यानंतर माझ्याकडं काम टाकलं नाही. मला उठवलं नाही, पण बसही म्हटलं नाही.

नाटकाला मी आणि अक्का दोघी एसटीनं वसमतला गेलो. मॅडमनी बर्फ म्हणून जिनिंगमधला कापूस आणून मंचभर पसरला होता. राजा झालेली मुलगी त्या कापसात अनवाणी उभी, अंगावर माझी घोंगडी, आणि घामानं निथळत होती. तिला थंडीनं कुडकुडायचं होतं, पण ती वारा घ्यायला घोंगडी हलवायची. पोरं हसली. मग पोप झालेला मुलगा आला, गळ्यात पांढरी पट्टी. अक्कानं माझा दंड दाबला. "माझ्या मेंढीची हाय ती," ती कानात म्हणाली. "बघ ना, पोपच्या गळ्यात गेली." दार उघडलं, राजा पाया पडला, पोपनं त्याला उठवलं. माझ्या डोळ्यांत ते सगळं धूसर झालं, कापूस होता तो खरा बर्फ झाला, आणि पडद्याच्या कडेला किल्ल्याची बाई उभी होती, तिला नाटकात एकच वाक्य होतं.

नंतर आम्ही मॅडमना विचारलं, मग पुढं दोघांचं पटलं का? त्या म्हणाल्या, कुठलं. राजा पुन्हा फिरला, फौज घेऊन रोमवर गेला. पोप आपलं गाव सोडून परमुलखात मेला. राजाच्या पोरानंच पुढं राजाला उतरवलं. दोघं गेल्यावर कितीतरी वर्षांनी तोड निघाली, की अंगठी आणि आकडी धर्माकडून द्यायची आणि जमिनीसाठीचा राजदंड राजानं द्यायचा.

"मंग जिंकलं कोण?" मी विचारलं.

"दमले सगळे," मॅडम म्हणाल्या.

अक्का म्हणाली, "येवढंच व्हतं तर आधीच बसून बोलायचं की. राणीला बैलाच्या कातड्यावर कशाला घसरवली?"

परत येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला मात्र झोप नव्हती. घोंगडी पुरी झाली होती, घडी घालून फळीवर ठेवली होती. अक्का घरी आली की मी तिच्यासाठी पोतं अंथरायची. ती फळीकडं बघायची आणि पोत्यावर बसायची. एकदा म्हणाली, "राहू दे गं, पोतं बी मेंढरासारखंच उबदार हाय." मला ते ऐकवेना.

मग मी वसमतच्या बाजारात बसायला लागले. मी, जी गिऱ्हाइकाशी बोलताना भिंतीकडं बघायची. हळदीच्या पोत्यांच्या शेजारी घोंगड्या मांडून बसायचे. पहिल्या दिवशी कुणी भाव विचारला की घाम फुटायचा. हळदवाले दादा माझ्या वतीनं ओरडायचे, "घ्या, घ्या, राजानं पांघरलेली घोंगडी!" त्यांना मी गोष्ट सांगितली होती, त्यांनी अर्धीच लक्षात ठेवली. विकलं की थोडं कारभाऱ्यांना नेऊन द्यायचं. कधी थोडं, कधी त्याहून थोडं. ते ओट्यावर बसून घ्यायचे. त्यांची बायको आतून बघायची. एकदा तीच मला हळूच म्हणाली, "धुरपताचं बरं हाय ना?" मी म्हणाले, "बरं हाय." तेवढ्यानंही मला दिवसभर हलकं वाटलं.

जत्रेला पंच सतरंजीवर बसले. लोक म्हणतात सारखी सरकत होती.

गेल्या सोमवारी सकाळी मी शेवटचे पैसे घेऊन गेले. कारभारी थकलेत आता. नोटा घेतल्या, डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या.

"ही शेवटची, मामा."

"हं." त्यांनी नोटा मोजल्या. मग म्हणाले, "चांगली निघाली म्हनत्यात घोंगडी."

"बघायला या."

"अंथरलीस का?"

"सकाळीच अंथरली. अक्का बसलीया तिच्यावर. मनीषा आलीया नांदेडाहून, ती बी."

त्यांनी नोटा घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि वर माझ्याकडं न बघता म्हणाले, "फिटले. सगळे फिटले."